गाडीचे टायर बदलताना पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत

टायर बदलायची वेळ आली की बहुतेक जण आधी दुकानात फोन करून भाव विचारतात. माझं म्हणणं असं की त्याआधी अर्धा तास जुन्या टायरांना द्या. जुना टायर ज्या कारणाने अकाली घासला ते कारण गाडीत तसंच राहिलं, तर नवा टायरही तसाच घासणार, मग तो कितीही महागाचा असो.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा आणि पुढची चाकं पूर्ण वळवा, म्हणजे टायरचा आतला काठही दिसेल. खोली मोजायचं छोटं गेज मिळतं, ते घ्या. प्रत्येक टायरवर आतल्या काठाला, मधे आणि बाहेरच्या काठाला अशी तीन ठिकाणी नक्षीची खोली मोजून कागदावर लिहा. नुसत्या डोळ्यांनी बाहेरून बघून फसायला होतं, कारण बाहेरचा काठ छान दिसत असताना आतला काठ टायरच्या आतल्या पोलादी तारेपर्यंत गेलेला असू शकतो.

आता आकडे वाचा. मधला पट्टा जास्त झिजलाय आणि दोन्ही काठ चांगले आहेत, तर हवा सतत जास्त भरली जात होती. दोन्ही काठ झिजलेत आणि मधला भाग शिल्लक आहे, तर हवा कमी होती. एकच काठ गेलाय, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडली आहे. नक्षीवरून तळहात एका बाजूने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखा लागतो, तेव्हा टो बिघडलेला असतो, म्हणजे चाक सरळ पुढे न बघता थोडं आत किंवा बाहेर वळलेलं असतं. ही चूक दिसायला किती छोटी असते पाहा. ६२० मिमी व्यासाचं चाक पुढच्या आणि मागच्या कडेत ३ मिमी तिरकं असेल, तर ते दर किलोमीटरला जवळजवळ ५ मीटर आडवं घासत जातं. दहा हजार किलोमीटरला ते ५० किलोमीटर आडवं घासणं झालं. अलाइनमेंटचा खर्च नव्या टायरसमोर किरकोळ असतो, तरी लोक नेमका तोच टाळतात.

टायरवर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे पडले असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बुश (सस्पेन्शनमधले रबरी जोड) किंवा बॅलन्सिंगकडे, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का याकडे, बघा. हे आधी दुरुस्त करा, मग नवे टायर टाका. क्रम उलटा केला तर नव्या टायरवरही तेच चट्टे पडतात आणि एकदा पडले की अलाइनमेंट करूनही त्यांचा आवाज जात नाही.

टायर कधी बदलायचा? खाचांच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, त्यांची उंची १.६ मिमी. त्या कुठे आहेत हे दाखवायला साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, वरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. नक्षी त्या पट्टीला टेकली की टायर संपला. बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादाही हीच आहे. पण कोरड्या रस्त्यावर १.६ मिमीपर्यंत टायर व्यवस्थित वागत असला तरी ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी ढासळते, कारण पाणी बाजूला काढायला खाचांमध्ये जागाच उरत नाही. म्हणून ३ मिमीला शोध सुरू करावा. यात पैशाचाही फायदा आहे. टायर गोटा होईपर्यंत थांबलेला माणूस त्या दिवशी दुकानात जे असेल ते घेतो. महिनाभराचा वेळ हाताशी असलेला माणूस चार ठिकाणी विचारतो आणि हव्या त्या मॉडेलची वाट बघतो.

साइडवॉलला फुगा आला असेल तर मात्र वाट बघू नका. खड्ड्यात आदळल्याने आतल्या दोऱ्या तुटल्या की तिथे फुगवटा येतो. त्यावर कुठलाही उपाय नाही. तो टायर त्याच दिवशी उतरवायचा.

साइजचे आकडे आणि त्यापुढची अक्षरं

समजा टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलंय. १८५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. साइडवॉलची उंची या रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढच्या ८८ एच कडे मात्र दुर्लक्ष होतं, आणि स्वस्तात टायर देताना नेमकी तिथेच काटछाट होते.

८८ हा भार निर्देशांक, म्हणजे योग्य हवेत एका टायरने ५६० किलो पेलायचे. ८२ म्हणजे ४७५ किलो, ९१ म्हणजे ६१५, ९४ म्हणजे ६७०, ९५ म्हणजे ६९०. एच हे वेगाचं अक्षर, ताशी २१० किमी. टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०. गाडीच्या पुस्तकात किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जे दिलंय त्यापेक्षा यातला कुठलाही आकडा खाली नेऊ नये. ‘आपण कुठे २०० ने चालवतो’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण हे अक्षर उष्णता सहन करण्याची ताकदही सांगतं. सगळं घर आणि सामान भरून, उन्हात, तासन्‌तास चालणाऱ्या गाडीच्या टायरला ती ताकद लागते. वरचा निर्देशांक चालतो, खालचा नाही. सात-आठ आसनी गाड्यांना आणि व्हॅनना बऱ्याचदा एक्सएल, म्हणजे जास्त भाराचा टायर, किंवा सी अक्षराचा व्यावसायिक वाहनाचा टायर लागतो. त्याच साइजचा साधा टायर स्वस्त मिळतो आणि रिमवर बसतोही, म्हणून ही चूक सहज होऊन जाते.

साइज बदलावी का? शक्यतो नाही. दुकानात मूळ साइज नाही म्हणून शेजारची साइज देऊ केली तर मोबाइलवर हिशेब करा. रुंदीला टक्केवारीने गुणा, दुप्पट करा आणि रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवा, इंच गुणिले २५.४. १८५/६५ आर १५ चा एकूण व्यास येतो ६२१.५ मिमी. १९५/५५ आर १६ चा ६२०.९, म्हणजे जवळजवळ तोच. १९५/६० आर १५ चा ६१५, म्हणजे एक टक्का कमी. व्यास जुळत नसेल तर स्पीडोमीटर आणि किलोमीटरची नोंद चुकते, टायर चाकावरच्या कमानीच्या अस्तराला घासू शकतो आणि एबीएसला, म्हणजे ब्रेक दाबताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेला, मिळणारी माहितीही बदलते. गाडी कंपनीने पुस्तकात दिलेल्या पर्यायी साइजपलीकडे जाऊ नये. रुंद टायर दिसायला दमदार, पण त्याची किंमत जास्त, इंधन जास्त आणि साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो.

आता किंमत. दर टायरचा भाव हा अर्धवट आकडा आहे. पूर्ण आकडा म्हणजे टायर, बसवणावळ, बॅलन्सिंग, नवा व्हॉल्व्ह आणि अलाइनमेंट, हे सगळं मिळून दर हजार किलोमीटरला किती पडतं ते. समजा, चलन कुठलंही धरा, एक टायर १०० ला मिळतो आणि ३५,००० किमी चालतो. दुसरा १३० ला मिळतो आणि ५५,००० किमी चालतो. दोन्हींना बसवायचा खर्च १२ धरा. पहिला हजार किलोमीटरला ३.२ ला पडला, दुसरा २.६ ला. शिवाय पहिल्याच्या बाबतीत दुकानाची खेप लवकर आली.

हाच हिशेब वापरलेल्या टायरला लावला की त्याची स्वस्ताई विरून जाते. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी असते. ३ मिमीला बदलायचं ठरवलं तर वापरायला ५ मिमी मिळतात. ४ मिमी शिल्लक असलेला जुना टायर अर्ध्या किमतीत घेतला, तर हाती येतो १ मिमी, म्हणजे पाचवा हिस्सा. अगदी १.६ मिमीपर्यंत ओढला तरी ६.४ पैकी २.४ मिमी, चाळीस टक्क्यांच्याही आत. बसवण्याचा खर्च दोन्हींना सारखाच. त्यात तो टायर कधी हवा नसताना चालवला गेला, कधी खड्ड्यात आदळला, हे बाहेरून कळत नाही. कुटुंबाच्या गाडीला वापरलेला टायर घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन.

मग परवडणारा चांगला टायर शोधायचा कुठे? सर्वांत चांगली जागा म्हणजे मोठ्या कंपन्यांची दुसऱ्या फळीतली नावं. ब्रिजस्टोनच्या घरातला फायरस्टोन, कॉन्टिनेन्टलचे सेम्परिट आणि बारम, मिशेलिनचा क्लेबर, हँकूकचा लॉफेन. यांच्यामागे त्याच घराण्याचं संशोधन आणि उत्पादन असतं. जाहिरातीचा बोजा कमी आणि रबराची रचना बऱ्याचदा एक पिढी मागची, म्हणून भाव उतरतो. एक पिढी मागची रचना कुटुंबाच्या रोजच्या गाडीला पुरेशी असते. याउलट ज्या नावाची कुठली चाचणी सापडत नाही, ज्याची वॉरंटी कोण देणार हे दुकानदारालाही सांगता येत नाही, ते नाव भाव कितीही कमी असला तरी सोडून द्यावं.

चाचण्या वाचताना ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग आधी बघा. कोरड्या रस्त्यावर बरे-वाईट टायर बऱ्यापैकी जवळजवळ थांबतात, खरा फरक पाण्यात दिसतो. जर्मनीची एडीएसी ही मोटारचालकांची संघटना दरवर्षी तुलनात्मक चाचण्या प्रसिद्ध करते. पण त्यातला निकाल त्या साइजपुरता धरावा, कारण एकाच मॉडेलच्या दोन साइज वेगळ्या वागू शकतात. युरोपीय लेबल असेल तर त्यावर ए ते ई अशा श्रेणी असतात, एक इंधनाची आणि एक ओल्या पकडीची. आवाज डेसिबलमध्ये दिलेला असतो. माझा नियम असा: ओल्या पकडीत ए किंवा बी, इंधनात सी पर्यंत चालेल. उलटी तडजोड करू नये.

अमेरिकी पद्धतीत साइडवॉलवर ट्रेडवेअरचा, म्हणजे नक्षी किती टिकते त्याचा, आकडा असतो. १०० हा संदर्भ टायर, म्हणजे ४०० वाला ठरलेल्या चाचणीत त्याच्या चौपट टिकला असा अर्थ. ही चाचणी टेक्ससमधल्या ठरावीक मार्गावर ७,२०० मैल चालते, पण आकडा कंपनी स्वतः देते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची तुलना करायला तो चांगला, दोन कंपन्यांच्या तुलनेत त्यावर फार विसंबू नये. आकडा फार मोठा आणि ओली पकड कमी असेल तर रबर कडक आहे असं समजावं. शेजारचं ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं, अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत थांबण्याचं आहे. वळणावर काय होतं ते त्यात मोजलेलं नाही.

टायरवर वर्तुळातला ई आणि एक आकडाही दिसतो. तो मंजुरी देणाऱ्या देशाचा आकडा आहे. ई ४ म्हणजे नेदरलँड्समध्ये मंजुरी मिळाली. टायर तिथे बनला असा त्याचा अर्थ होत नाही.

थंडीच्या प्रदेशात राहत असाल तर तापमान सुमारे ७ अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर ताठरतं हे लक्षात ठेवा. हिवाळ्यासाठी घेताना डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह शोधा. नुसतं एम अधिक एस हा कंपनीचा दावा असतो, त्यामागे बर्फावरची चाचणी असेलच असं नाही.

तारीख

डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे टायर रिमवर चढवायच्या आधी बघा. नंतर ती आतल्या बाजूला गेली तर दिसत नाही. पैसे देण्याआधी चारही टायरांच्या तारखा वाचा आणि बिलावर लिहून घ्या.

वर्षाच्या आतला माल पूर्ण भावाने घ्यावा. सावलीत, नीट साठवलेला दीड-दोन वर्षांपूर्वीचा टायर बाद नसतो, आणि भाव पाडून घ्यायची ही चांगली संधी असते. पण कमी किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तो घेऊ नका, कारण तिथे नक्षी संपण्याआधी वय संपतं. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही असली तरी काढावा, असं मिशेलिन आणि कॉन्टिनेन्टल सांगतात. काही गाडी कंपन्या सहा वर्षांनीच बदला म्हणतात. हे वय स्टेपनीलाही लागू आहे.

दोन की चार?

चारही एकदम परवडत नसतील तर दोन घ्या, पण एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही एकाच मॉडेलचे. नवे दोन मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीही. हे बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून कारण सांगतो. पुढचे टायर पाण्यावर तरंगले तर गाडी सरळ जाऊ पाहते, स्टिअरिंग हलकं पडल्याचं कळतं आणि वेग कमी केला की ताबा परत येतो. मागचे तरंगले तर गाडीची शेपटी फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. जुने बरे असलेले पुढे आणा.

चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या गाडीत मात्र दोनच बदलणं महागात पडू शकतं. नक्षीत ३ मिमीचा फरक म्हणजे परिघात जवळपास १९ मिमी. ६२० मिमीच्या टायरला दर किलोमीटरला सुमारे ५१० फेरे धरले, तर पुढच्या-मागच्या चाकांत जवळजवळ १० मीटरची तफावत पडते. ती तफावत पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा मधला डिफरेन्शियल किंवा क्लच सतत सोसत राहतो आणि तापतो. गाडीच्या पुस्तकात किती फरक चालतो ते दिलेलं असतं, ते आधी वाचा.

दुकानात उभं राहून काय बघायचं

रिमच्या कडेवरचा गंज आणि जुना रबराचा थर तारेच्या ब्रशने साफ करायला सांगा. नव्या टायरमधून हळूहळू हवा जाण्याचं ते नेहमीचं कारण आहे. रबरी व्हॉल्व्ह नवाच लावा. हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर त्याचं सील आणि व्हॉल्व्ह कोर बदलून घ्या. त्याची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं टिकते, तेव्हा जुन्या सेन्सरबद्दल टायर उघडा असतानाच निर्णय घ्यावा. ट्यूबलेस टायरमध्ये गळती थांबवायला ट्यूब घालून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. ट्यूब आणि टायर यांच्या घर्षणाने उष्णता वाढते आणि पंक्चर झाल्यावर हवा एकदम जाते.

टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलकी बाजू दाखवतो. तो व्हॉल्व्हसमोर आला की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. एका चाकाला वजनांची रांगच लावावी लागली तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगा. असममित, म्हणजे आत-बाहेर वेगळी नक्षी असलेल्या टायरवर ‘बाहेरची बाजू’ असं लिहिलेलं असतं आणि एकाच दिशेने फिरायच्या टायरवर बाण असतो. घाईत हे उलटं बसतं, म्हणून चारही चाकं फिरून बघा.

नट हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. जास्त आवळले की स्टड (नट ज्यांवर बसतात ते दांडे) ताणले जातात, ब्रेकची डिस्क वाकडी होऊ शकते आणि रस्त्यात स्टेपनी बदलायची वेळ आली तर नट हाताने सुटत नाहीत. ताऱ्याच्या आकारात एकाआड एक, टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, आवळायचे. अनेक छोट्या-मध्यम गाड्यांना ९० ते १२० न्यूटन मीटर लागतात, पण तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकातून घ्या. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा.

हवा स्टिकरवरच्या आकड्याने भरायची. साइडवॉलवर लिहिलेला दाब ही टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीचा दाब नव्हे. गाडी किमान तीन तास उभी असताना मोजा, कारण टायर तापला की दाब चढतो आणि चुकीचा आकडा दिसतो. दुकानात भरलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः तपासावी. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची गरज मला वाटत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्या पैशात दाब मोजायचं चांगलं गेज येईल.

पहिले ३०० किलोमीटर सांभाळून चालवा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला थर नव्या टायरवर राहिलेला असतो, तो घासून जाईपर्यंत ओल्या रस्त्यावर पकड कमी असते.

बिलासोबत एका कागदावर टायर टाकले त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा आणि नक्षीची खोली लिहून गाडीत ठेवा. १०,००० किलोमीटरला चाकं पुढे-मागे बदलायला जाल तेव्हा पुन्हा तीन ठिकाणी मोजा. १ मिमी गेला असेल तर ८ वरून ३ वर यायला साधारण ५०,००० किलोमीटर मिळतील. २ मिमी गेले असतील तर निम्मेच, आणि अशा वेळी वॉरंटीची चौकशी करण्याआधी हवा आणि अलाइनमेंट तपासून घ्या.